एक फलाट, दोन गाड्या

फुरसतीचा उद्योग



गेल्या खेपेला आपण जुन्या पत्र्याच्या डब्यांपासून मसाल्याची मांडणी केली होती. या महिन्याचा उद्योग जरा मोठा आहे. आठ फुटांची फळी लागेल, घरातला कॅरम काही दिवस बंद राहील आणि पाढे पाठ नसतील तर वहीही लागेल. माझ्या भाचीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही मामा-भाचीने ही वस्तू केली. ती करताना ज्या चुका झाल्या त्याही सांगतो, म्हणजे तुमच्या मुलांचा पुठ्ठा वाया जाणार नाही.

आमची आपा डोळखांबला राहते. शहापूर तालुक्यातलं हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याकडचं, भातशेतीचं. इथे रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आधी आसनगाव गाठायचं. आपाचे यजमान, म्हणजे आमचे दुल्हेभाई, डोळखांब ते आसनगाव जीप चालवतात. त्यामुळे घरातल्या मुलांना गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, पण रुळाशी संबंध फक्त स्टेशनापुरता.

ईदनंतरच्या सुट्टीत आम्ही सगळे माथेरानला गेलो. आसनगावहून कल्याण, तिथे गाडी बदलून कर्जतच्या लोकलने नेरळ. नेरळला लोकलमधून उतरलो, पिशव्या, डबे, पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि छोट्या गाडीकडे निघालो. माझी अम्मी, म्हणजे मुलीची नानी, गुडघ्यांनी बेजार. ती चालता चालता थांबली आणि म्हणाली, "एक गाडी सोडायची, दुसरी धरायची. ही छोटी तिथेच शेजारी येऊन उभी राहिली असती तर काय बिघडलं असतं?"

सगळे हसले. भाची हसली नाही. ती नववीत आहे. तिने नानीच्या हातातली पिशवी घेतली आणि मला विचारलं, "मामू, खरंच का नाही येत?"

या महिन्याचा उद्योग त्या प्रश्नातून निघाला.

रुळांची रुंदी वेगळी का?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. आसनगावची लोकल ज्या रुळांवर धावते त्यांचं गेज १६७६ मिलीमीटर, म्हणजे साडेपाच फूट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तीही याच मापावर. हा ब्रॉड गेज. पुढे खर्च वाचावा म्हणून १८७० च्या सुमारास सरकारने मीटर गेज स्वीकारला, १००० मिलीमीटरचा. आणि जिथे डोंगर आहे, वळणं आहेत, पैसा कमी आहे, तिथे त्याहून अरुंद रूळ आले. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली ती ७६२ मिलीमीटरवर. नेरळ-माथेरानचे रूळ आणखी अरुंद, ६१० मिलीमीटर, म्हणजे दोन फूट.

माथेरानची गाडी कुणी आणली हे आपल्या मुलांना ठाऊक असावं म्हणून थोडं विषयांतर करतो. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही रेल्वे बांधली. काम १९०४ मध्ये सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये, तोही पीरभॉय कुटुंबाचा. जवळपास २१ किलोमीटरचा मार्ग, आणि चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. आपल्या कसारा घाटातला चढ सदतीस फुटांना एक फूट आहे आणि तिथेही गाड्यांना मागून जादा इंजिन लावावं लागतं. यावरून माथेरानच्या चढाचा अंदाज करा. एवढ्या डोंगरात आखूड वळणं घ्यायची तर अरुंद रूळच सोयीचे.

पण रुंदी बदलली की एक गोष्ट अटळ होते. जिथे दोन गेज भेटतात तिथे सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागतं. माणसं स्वतः चालत जातात, मालाला मात्र हमालाची पाठ लागते. मिरजेला तर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एकाच गावात होते. साखरेचं पोतं असो की गुळाची ढेप, गेज बदलला की डबा बदलायचा. हा त्रास संपावा म्हणून १९९२ पासून देशभर एकच गेज करण्याचं धोरण आलं आणि बहुतेक छोटे मार्ग ब्रॉड गेज झाले. माथेरान राहिलं, कारण तो डोंगर मोठ्या गाडीला वळू देणार नाही.

तिसरा रूळ

मग नानीच्या प्रश्नाला उत्तर आहे की नाही? आहे, आणि ते जुनं आहे. मोठ्या गेजच्या दोन रुळांमध्ये तिसरा रूळ टाकायचा. एका बाजूचा रूळ दोन्ही गाड्यांना सामाईक, दुसऱ्या बाजूचा प्रत्येकीचा आपापला. याला मिश्र गेज म्हणतात. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर सात फुटांचा मोठा गेज १८९२ मध्ये संपेपर्यंत असे तीन रुळांचे मार्ग होते. आजही बांगलादेशात १६७६ आणि १००० मिलीमीटरच्या गाड्या एकाच मार्गावरून जातात. १९९८ साली खुल्या झालेल्या यमुना नदीवरच्या पुलावरही असेच मिश्र रूळ टाकलेले होते.

यात एकच अट आहे. दोन गेजमध्ये पुरेसा फरक हवा, नाहीतर तिसरा रूळ बसायला जागाच उरत नाही. दमास्कसहून मदिनेपर्यंत १९०८ मध्ये पोहोचलेल्या हिजाझ रेल्वेचा गेज १०५० मिलीमीटर होता. समजा, त्यात कुणाला मीटर गेजचा तिसरा रूळ टाकायचा असता, तर फरक फक्त ५० मिलीमीटरचा. त्यात रुळाचा पायाही मावला नसता. आमच्या नेरळच्या हिशेबात फरक आहे १६७६ वजा ६१०, म्हणजे १०६६ मिलीमीटर. जागाच जागा!

एक गोष्ट स्पष्ट करतो. नेरळला असे मिश्र रूळ नाहीत. छोटी गाडी तिच्या जागी उभी राहते, मोठी तिच्या. आम्ही केलं ते भाचीच्या कल्पनेतलं स्टेशन. प्रदर्शनातही तिने पाटीवर तसंच लिहिलं, "असे असू शकले असते". तुम्हीही लिहा. परीक्षकांसमोर खोटं बोलून मिळालेलं बक्षीस घरी शोभत नाही.

माप आणि सामान

आम्ही माप धरलं वीसास एक. म्हणजे ब्रॉड गेज ८४ मिलीमीटर आणि माथेरानचा ३० मिलीमीटर. बाजारात मिळणाऱ्या मॉडेल रेल्वे याहून खूप लहान असतात. जगात सगळ्यांत जास्त चालणारं माप सत्त्याऐंशीस एक, त्यात रुळांचं अंतर साडेसोळा मिलीमीटर. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे तशा विजेवर धावणाऱ्या गाड्या पाहता येतात. मुलांना एकदा जरूर न्या. पण त्या मापाचं काम घरी करायचं तर डोळ्याला भिंग आणि खिशाला भोक लागतं. आपली गाडी हाताने ढकलायची आहे, तेव्हा वीसास एक बरं.

सामान असं: आठ फूट लांब, दोन फूट रुंद प्लायवूड. सुताराकडची ६ मिलीमीटर चौकोनी लाकडी पट्टी, हे आपले रूळ. जाड पुठ्ठा. फेव्हिकॉल. आइस्क्रीमच्या काड्या, या स्लीपर. मोठ्या डब्याच्या चाकांसाठी कॅरमच्या सोंगट्या, छोट्या डब्याच्या चाकांसाठी कोटाची मोठी बटणं. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला २ मिलीमीटर जाड पुठ्ठ्याची चकती चिकटवायची, चाकापेक्षा सगळीकडून अडीच मिलीमीटर मोठी. ही चाकाची कड. खऱ्या रेल्वेच्या चाकालाही आतून अशीच कड असते आणि तीच गाडीला रुळावर धरून ठेवते. कडेची खोली दोन्ही गाड्यांना अगदी सारखी ठेवा. का, ते पुढे कळेल.

आसासाठी छत्रीची काडी चालते. मोठ्या डब्याच्या दोन चाकांमधलं पाठीपाठीचं अंतर ७८ मिलीमीटर ठेवा, छोट्याचं २४. हे अंतर चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी घसरते.

नानीने काढलेली चूक

भाचीने पहिलं चित्र काढलं ते पाहून मी खूश झालो. दोन समांतर मार्ग, दोन्हींवर तीन-तीन रूळ आणि एका मार्गावरून दुसऱ्यावर जायला तिरका जोड. याला रेल्वेत क्रॉसओव्हर म्हणतात. फलाट एका बाजूला. आम्ही खडूने फळीवर रेषा मारल्या, पुठ्ठ्याचे दोन डबे ठेवले आणि नानीला बोलावलं.

नानी खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि छोट्या डब्याकडे बोट करून म्हणाली, "हा फलाटापासून इतका लांब का? मी उडी मारू?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सामाईक रूळ आम्ही फलाटाच्या विरुद्ध बाजूला घेतला होता. त्यामुळे फलाटाकडचा रूळ एकट्या मोठ्या गाडीचा, आणि छोट्या गाडीचा रूळ त्याच्याही आत ५४ मिलीमीटर. खऱ्या मापात हे अंतर एक मीटरहून जास्त. ज्या म्हातारीसाठी हा सगळा खटाटोप, तिलाच चढता येणार नव्हतं!

म्हणून पहिला नियम: सामाईक रूळ नेहमी फलाटाच्या बाजूला. तरीही मोठा डबा रुंद असल्याने रुळाबाहेर जास्त येतो, छोटा कमी. आमच्या मॉडेलमध्ये मोठा डबा १६२ मिलीमीटर रुंद, छोटा ८०. फलाट मोठ्या डब्याला घासू नये एवढा दूर ठेवला की छोटा डबा त्याहून सुमारे दीड सेंटीमीटर लांब राहतो, म्हणजे खऱ्यात २८ सेंटीमीटर. त्यावर भाचीने फलाटाला सरकती फळी लावली. नानीने पास केलं.

दुसरी गोष्ट ओघाने येते. एका बाजूचा रूळ सामाईक असला की दोन्ही गाड्यांच्या मध्यरेषा एक राहत नाहीत. आमच्या मापात २७ मिलीमीटरचा फरक पडतो. म्हणून मोठा आणि छोटा डबा साध्या कडीने एकमेकांना जोडता येत नाहीत.

कमी सांधे, कमी भानगडी

आता मुख्य काम. रुळांना नावं देऊ. फलाटाकडून पहिला, सामाईक रूळ "क". त्यापासून ३० मिलीमीटरवर छोट्या गाडीचा "ख". "क"पासून ८४ मिलीमीटरवर मोठ्या गाडीचा "ग". सगळी मापं आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत.

गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथे दोन प्रकारच्या जागा असतात. एक सांध्याची जीभ, म्हणजे सरकणारा टोकदार रूळ, जो गाडीला वळवतो. दुसरी क्रॉसिंग, जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो आणि चाकाची कड जायला फट ठेवावी लागते. साध्या एका गेजच्या क्रॉसओव्हरला दोन सांधे, म्हणजे चार जिभा आणि दोन क्रॉसिंग.

तीन रुळांचं काय होतं ते कागदावर मोजा. तीनही रूळ सरळ जातात आणि तीनही उजवीकडे वळतात. वळणारा "क" सरळ जाणाऱ्या "ख"ला छेदतो, मग "ग"ला छेदतो. वळणारा "ख" पुन्हा "ग"ला छेदतो. एका सांध्यात तीन क्रॉसिंग आणि तीन जिभा. क्रॉसओव्हरला असे दोन सांधे, म्हणजे सहा क्रॉसिंग आणि सहा जिभा. भाचीचं पहिलं चित्र हेच होतं. आम्ही दोन दिवस पट्ट्या कापल्या, एक सांधा कसाबसा झाला आणि डबा प्रत्येक क्रॉसिंगवर घसरला.

ती रडकुंडीला आली. मीही सांगणारच होतो की सोपं काहीतरी करू, ज्वालामुखी करू, सगळे तेच करतात. मग तिने वही उघडली आणि एक प्रश्न लिहिला: "कुठली गाडी नक्की कुठे जाणार आहे?"

वाचकहो, हा प्रश्न आधी विचारला असता तर आमचे दोन दिवस वाचले असते. छोटी गाडी डोंगरातून येणार, फलाटाला लागणार, तिचं इंजिन पलीकडे जरा पुढे जाऊन परत फिरणार. ती मुख्य मार्गावर कधीच जाणार नाही. मोठी गाडी मुख्य मार्गावरून येणार, फलाटाला लागणार आणि आल्या वाटेने परत जाणार. ती डोंगरात कधीच जाणार नाही. मग मुख्य मार्गावर तीन रूळ कशाला? आणि तिरक्या जोडात छोट्या गाडीचा रूळ कशाला?

चित्र पुन्हा काढलं. फळीच्या डाव्या टोकाला छोटी गाडी फलाटाच्या बाजूने, म्हणजे "क"च्या बाजूने वळून डोंगराकडे जाते. तिचा "ख" रूळ फक्त एकदाच, सरळ जाणाऱ्या "क"ला छेदतो. एक क्रॉसिंग. तीच गाडी उलट्या, "ग"च्या बाजूने बाहेर काढली असती तर तिचे दोन्ही रूळ "ग"ला छेदले असते. दोन क्रॉसिंग. म्हणून दुसरा नियम: छोटी गाडी सामाईक रुळाच्या बाजूने बाहेर काढा.

उजव्या टोकाला मोठी गाडी मुख्य मार्गाकडे वळते आणि छोटीचा रूळ थोडा सरळ जाऊन संपतो. "ग"ला सरळ जायचंच नाही, तो नुसता वळतो. वळणारा "क" फक्त "ख"ला छेदतो. पुन्हा एकच क्रॉसिंग. मुख्य मार्गावर मग साधा, एका गेजचा सांधा, दोन जिभा आणि एक क्रॉसिंग. म्हणजे तिरक्या जोडाची सहा क्रॉसिंग होती तिथे दोन राहिली, सहा जिभा होत्या तिथे दोन. डोंगराकडचं एक धरून फळीभर क्रॉसिंग झाली तीन.

जीभ न सरकवता

आता सगळ्यांत गमतीची गोष्ट. फलाटाच्या दोन्ही टोकांना, जिथे छोटी आणि मोठी वेगळ्या होतात, तिथे सरकणारी जीभ लागतच नाही. सांधेवाला नको, खटका नको. गाडी आपली वाट आपणच निवडते.

कसं ते पाहा. डाव्या टोकाला "क" रूळ फुटतो. एक फाटा छोट्या गाडीसाठी डावीकडे वळतो, दुसरा मोठ्या गाडीसाठी सरळ जातो. सरळ फाट्याचं टोक टोकदार घासून कायमचं चिकटवून टाका आणि दोन्हींच्या मध्ये कड जाण्याएवढी फट ठेवा. छोटी गाडी आली की तिचं उजवं चाक "ख"ला टेकलेलं असतं. "ख" डावीकडे वळतो आणि चाकांच्या जोडीला डावीकडे ढकलतो. तिच्या डाव्या चाकाची कड आपोआप फटीत शिरते. मोठ्या गाडीचा "ख"शी संबंधच नाही. तिच्यासाठी "ग"च्या आतल्या बाजूला ४ मिलीमीटर अंतर ठेवून एक छोटी पट्टी लावा. याला चेक रेल म्हणतात. ती उजव्या चाकाला पाठीमागून धरते आणि जोडीला डावीकडे सरकू देत नाही. त्यामुळे डाव्या चाकाची कड टोकाच्या उजवीकडूनच जाते. दोघींना वेगवेगळा आधार, म्हणून दोघींच्या वेगवेगळ्या वाटा. उजव्या टोकालाही हेच, फक्त आरशात पाहिल्यासारखं.

आता आधीची मापं जुळवून पाहा. मोठ्या चाकांचं पाठीपाठीचं अंतर ७८, त्यात एका कडेची जाडी २ मिळवली की ८०. गेज ८४ मधून चेक रेलची फट ४ वजा केली की तेही ८०. छोट्याचं २४ आणि २ मिळून २६, आणि ३० वजा ४ म्हणजेही २६. ही दोन उत्तरं सारखी आली तर गाडी टोकावर आपटत नाही. मुलांकडून हा हिशेब करवून घ्या. वजाबाकी इतक्या उपयोगाची असते हे त्यांना प्रथमच जाणवेल.

बटण अडकलं तेव्हा

एवढं करूनही मोठा डबा झकास गेला, पण छोटा क्रॉसिंगवर खड्ड्यात पडल्यासारखा दचकला. सोंगटी जाड असते, ती ४ मिलीमीटरच्या फटीवरून तरून जाते. कोटाचं बटण पातळ, ते फटीतच बसतं. फट अरुंद केली तर मोठ्याची कड अडकते.

उपाय ट्रामवाल्यांनी कधीच शोधून ठेवलेला आहे. फटीचा तळ वर उचलायचा. रूळ ६ मिलीमीटर उंच, कड अडीच मिलीमीटर खोल. फटीत साडेतीन मिलीमीटर जाडीचा पुठ्ठा भरला की चाकाची कडच तळावर टेकते आणि चाक खाली न पडता कडेवर चालत पलीकडे जातं. म्हणूनच दोन्ही गाड्यांच्या कडेची खोली सारखी ठेवा असं आधी सांगितलं. एकीची जास्त असती तर ती उचलली गेली असती.

तिरक्या जोडाचा उतार आम्ही चारास एक ठेवला, म्हणजे चार सेंटीमीटर पुढे गेलं की एक सेंटीमीटर बाजूला. दोन मार्गांमध्ये २५ सेंटीमीटर अंतर, म्हणून जोड एक मीटरभर लांब झाला. खऱ्या रेल्वेत हे प्रमाण साडेआठास एक किंवा बारास एक असतं. बारास एक धरलं असतं तर आमचा जोड तीन मीटरचा झाला असता आणि दाराबाहेर पडवीत गेला असता! चारास एक वळण तीव्र आहे, म्हणून डबे लांबीला आखूड आणि चारच चाकांचे करा.

रूळ चिकटवण्याआधी पूर्ण आकाराचं चित्र कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून ते फळीवर डकवा. आधी "क" पक्का करा, मग त्यावरून मोजून "ख" आणि "ग". पुठ्ठ्याचे ३० आणि ८४ मिलीमीटरचे दोन तुकडे कापून ठेवा आणि पट्टी बसवताना दर चार बोटांवर फिरवून पाहा. फेव्हिकॉल रात्रभर सुकू द्या. घाई करणाऱ्याचा डबा घसरतो.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री

आमची आपा मला आल्या दिवशीच म्हणाली होती, "पोरीला फार चढवू नकोस. दहावीनंतरचं अजून ठरलं नाही." भाचीला डिप्लोमा करायचा आहे, यंत्राचा किंवा बांधकामाचा. त्यासाठी रोज आसनगाव आणि पुढे लोकल. दुल्हेभाईंचा शिक्षणाला विरोध नाही. त्यांची काळजी साधी आहे आणि खरी आहे: संध्याकाळी गाडी उशिरा आली आणि डोळखांबकडे यायला काही मिळालं नाही तर मुलगी आसनगावला उभी राहणार. रोज तोच रस्ता चालवणाऱ्या माणसाला ही काळजी शिकवावी लागत नाही. म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

आदल्या रात्री ते जीप लावून आले तेव्हा फळी पडवीत होती. हात धुऊन खाली बसले, छोटा डबा उचलून पाहिला. "हे माझ्या कोटाचं बटण," म्हणाले. मग डबा "क" आणि "ख"वर ठेवून हळू ढकलला. तो डोंगराच्या वाटेला लागला. मोठा डबा ढकलला. तो सरळ गेला. त्यांनी वाकून टोकाजवळ पाहिलं, बोट लावलं.

"इथे काही हलत नाही. मग हिला कळतं कसं कुठे जायचं?"

मी बोलणार होतो, पण भाचीने खुणेने थांबवलं आणि स्वतः समजावलं. "ग"ची पट्टी दाखवली, वजाबाकी करून दाखवली, सहा क्रॉसिंगचं जुनं चित्र दाखवलं आणि ते का टाकलं तेही सांगितलं. दुल्हेभाईंनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले. तिसरा विचारला तेव्हा ती अडली आणि म्हणाली, "अब्बा, हे मला अजून येत नाही." तो प्रश्न होता: मोठी गाडी फार वेगात आली तर ही पट्टी तिला धरेल का? हाताने ढकलायच्या डब्यावर याचं उत्तर मिळत नाही. ते शिकायलाच लागेल.

ते उठले आणि जेवायला बसले. जेवताना आपाला म्हणाले, "सकाळची पहिली गाडी तर मीच भरतो. परतीचं काय ते बघायला पाहिजे." एवढंच. प्रदर्शनात मुलीला दुसरा नंबर मिळाला, पहिला ज्वालामुखीला गेला. दहावीला अजून एक वर्ष आहे. परतीचं बघणं चालू आहे. आसनगावहून आपल्या बाजूला येणाऱ्या आणखी दोन मुली कुठे शिकतात याची चौकशी दुल्हेभाईंनी परवा स्वतःहून केली, असं आपा फोनवर म्हणाली.

फळी सध्या नानीच्या खाटेखाली आहे. कॅरमच्या आठ सोंगट्या अजून परत मिळालेल्या नाहीत, त्यावरून घरात धाकट्यांची तक्रार आहे.

तुमच्या घरी हा उद्योग झाला तर मापं लिहून ठेवा, आणि डबा कुठे घसरला तेही. पुढच्या महिन्यात सोपं काम घेऊ: पावसाळ्यात कपडे वाळवायला छताला ओढून वर घेता येईल अशी दोरी, दोन कप्प्यांवरची. तोवर फी अमानिल्लाह!